आउटबोर्डचा पंखा आणि स्केग दुरुस्ती : मालवण, जून-जुलै २०२५

३ जून : उतरवणं आणि पाहणी

पर्यटकांच्या फेऱ्या मारणारी १९ फुटी फायबरची होडी, मागे बाहेरून लावलेलं ४० एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. हंगाम संपता संपता ओहोटीला खडपावर (पाण्यातल्या खडकावर) आपटली. आता ऑगस्टअखेरपर्यंत फेऱ्या बंद, त्यामुळे घाई नाही. काम नीट करायला एवढा अवधी पुरे.

पंखा तीन पात्यांचा, अ‍ॅल्युमिनियमचा. बॉसवर (पाती जोडलेल्या मधल्या नळकांड्यावर) ११ ३/८ × १२ असं उठवलेलं आहे. पहिला आकडा व्यास (२८९ मिमी), दुसरा पिच, म्हणजे न घसरता एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे जाईल ते अंतर (३०५ मिमी). एका पात्याचं टोक १८ मिमी उडालंय, दुसरं मागच्या बाजूला दुमडलंय, तिसऱ्याच्या पुढच्या धारेला तीन खाचा. स्केगचा, म्हणजे पंख्याखाली उतरणाऱ्या उभ्या पात्यासारख्या भागाचा, खालचा पुढचा कोपरा तिरका तुटलाय: पुढच्या बाजूला ६० मिमी उंची गेली, तिथून मागे उतरत ९५ मिमीवर तुटीची रेघ संपते.

डोळ्यांना दिसतं ते हे एवढंच. पण असा धक्का पंख्यापाशी थांबत नाही. पात्यातून बॉसमधल्या रबरी बुशला (कड्याला), तिथून शाफ्टला, शाफ्टवरून बेअरिंग आणि गिअरच्या दातांना, असा तो वर चढत जातो. म्हणून तपासणी आतून बाहेर करायची. शाफ्ट वाकलेला निघाला तर स्केगवर आर्गॉन (वेल्डिंगचा गॅस) खर्चण्यात अर्थ नाही.

प्लगच्या वायरी काढल्या, पातं आणि कॅव्हिटेशन प्लेट (पंख्याच्या वरची आडवी पट्टी) यांच्यामध्ये लाकडी ठोकळा अडकवला, मग नट सोडला. पंखा बाहेर आल्यावर थ्रस्ट वॉशरच्या मागे तंगूसचा गुंडा निघाला, शाफ्टला घट्ट आवळलेला. आपल्याकडे हे नेहमीचंच. तुटक्या जाळ्याचा धागा शाफ्टवर गुंडाळला जातो, फिरता फिरता तापतो आणि ऑइल सीलच्या ओठात घुसतो. सीलवर नखाला लागेल एवढी चीर आहे.

गिअर ऑइल काढायला आधी खालचा स्क्रू, मग वरचा. पहिला चमचाभर जो येतो तो काचेच्या भांड्यात धरायचा. पाणी जड असल्याने तळाशी बसलेलं असतं आणि तेच आधी बाहेर पडतं. इथे ऑइल फिकट, ताकाच्या रंगाचं. पाणी आत गेलंय. स्क्रूच्या चुंबकावर राखाडी पेस्ट आहे, पण कण किंवा कपचा नाहीत. दात शाबूत असावेत.

डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापक) लावून शाफ्ट हाताने फिरवला. काटा ०.०२ मिमीच्या आसपास हलतो. शाफ्ट सरळ. पुढचं सगळं काम यावर ठरलं.

४ जून : काय ठेवायचं, काय नाही

पात्याच्या मुळाशी, म्हणजे बॉसला जिथे पातं जोडलंय तिथे तडा असेल तर पंखा भंगारात. तो वेल्ड करून वापरू नये, कारण जोर सगळा तिथेच येतो, आणि बॉसमधलं रबर जाळल्याशिवाय तिथे वेल्डिंग होतही नाही. पात्याचा एक-चतुर्थांशाहून जास्त भाग उडाला असेल तरी तेच. इथे फक्त टोक गेलंय, दुरुस्ती होण्यासारखी आहे.

बंदरावर एक सोपा उपाय सर्रास करतात: बाकीची दोन पातीही तुटलेल्याएवढी कापून तिन्ही सारखी करायची. थरथर जाते, हे खरं. पण व्यास २८९ वरून २५३ मिमीवर येतो, पंख्याची पाण्यावरची पकड कमी होते, आणि इंजिन फुल थ्रॉटलला ठरलेल्या आरपीएमच्या वर पळतं. माणसं भरलेली होडी तेवढ्या पंख्याने उठत नाही. किनाऱ्यापर्यंत परत येण्यापुरतं ठीक, हंगामासाठी नाही.

स्केगचा स्टेनलेसचा तयार बूटही मिळतो, तुटक्या भागावर चढवून बोल्ट मारायचा. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले राहिले की झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम, तेही बुटाच्या आत, न दिसणाऱ्या जागी. बसवायचाच तर मध्ये सीलंटचा अखंड थर हवा. आम्ही वेल्डिंगच धरलं.

७ जून : मीठ काढणं, तडे शोधणं

लोअर युनिट (गिअर, शाफ्ट आणि स्केगचा खालचा भाग) इंजिनापासून वेगळं केलं. ते आणि पंखा गोड्या पाण्याने धुऊन, तुटलेल्या कडा पिंपात बुडवून ठेवल्या होत्या, पाणी रोज बदलून. ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक छिद्रांत मीठ मुरलेलं असतं. ते राहिलं तर वेल्डिंगच्या वेळी वितळलेल्या धातूत काळे ठिपके फुटतात आणि शिवण स्पंजासारखी होते.

तुटीच्या कडेपासून ४० मिमीपर्यंत रंग काढला. मग डाय पेनिट्रंट: साफ करायचं, लाल रंग फवारायचा, १५ मिनिटं मुरू द्यायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर. पंख्याच्या तिन्ही मुळांशी काही नाही. स्केगवर मात्र तुटीच्या मागच्या टोकापासून वर चढणारी २२ मिमीची लाल रेघ उमटली, साध्या डोळ्यांना अजिबात न दिसणारी. तड्याच्या टोकापुढे ३ मिमीचं भोक पाडलं, म्हणजे तो पुढे सरकणार नाही. वेल्डिंगच्या आधी ती रेघ पूर्ण खोदून काढायची.

धातू ओळखण्यासाठी कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा एकेक थेंब. हातमोजे आणि चष्मा घालूनच. गिअरकेसवर (गिअरच्या ओतीव घरावर) थेंबाखाली काळसर डाग पडला, म्हणजे सिलिकॉनवाला मिश्रधातू. पंख्यावर जागा उजळच राहिली. तिथे मॅग्नेशियमवाला धातू आहे असं धरायला हरकत नाही. म्हणजे स्केगला सिलिकॉनवाली ४०४३ ची वेल्डिंग रॉड आणि पंख्याला मॅग्नेशियमवाली ५३५६ ची. एकच रॉड दोन्हीकडे चालवायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, आणि शिवणीच्या कडेने पुन्हा तुटलेली स्केग त्याच सवयीतून येते. थेंब पडलेली जागा लगेच भरपूर पाण्याने धुतली.

१० जून : स्केगचा तुकडा

याच मॉडेलच्या दुसऱ्या इंजिनावरून पुठ्ठ्याचा साचा कापून आणला. अंदाजाने आकार काढू नये. स्केग पंख्याच्या टोकांच्या खालपर्यंत पोचते म्हणूनच पात्यांआधी ती मार खाते, आणि होडी सरळ धरायला तिचाच आधार असतो.

तुकड्यासाठी १० मिमी जाडीची ६०६१ क्रमांकाच्या मिश्रधातूची पट्टी. बोटींच्या कामात ५०८३ चं नाव जास्त घेतलं जातं आणि समुद्राच्या पाण्याला ती खरंच उत्तम. पण तिच्यात मॅग्नेशियम जास्त. सिलिकॉनच्या ४०४३ रॉडने जोडली तर जोडात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिळून ठिसूळ संयुग तयार होतं. ६०६१ आणि ओतीव गिअरकेस यांना ४०४३ दोन्हीकडून चालते.

तुकडा साच्यापेक्षा सगळीकडून ४ मिमी मोठा कापला. जोडाच्या दोन्ही कडांना दोन्ही बाजूंनी उतार दिला, समोरासमोर ठेवल्यावर साधारण ६० अंशांची खाच दोन्हीकडे, मध्ये दीड मिमीची सरळ धार. साध्या डिस्कने घासताना डिस्क भरते, म्हणून अ‍ॅल्युमिनियमची वेगळी डिस्क किंवा जाड दातांची कानस. लोखंडावर वापरलेली डिस्क इथे लावायची नाही.

१४ जून

काम थांबवलं. पावसाची झड आणि दर थोड्या वेळाने लाइट जाते. अशा हवेत अ‍ॅल्युमिनियमचं आर्गॉन वेल्डिंग करू नये. हवेतला ओलावा वेल्डिंगच्या कमानीत (विजेच्या ज्वाळेत) फुटून हायड्रोजन होतो. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम तो भरपूर शोषतं, घट्ट होताना धरून ठेवू शकत नाही, आणि तो छिद्रं होऊन आत अडकतो. रॉड प्लॅस्टिकच्या बंद नळीत, बल्बच्या उबेत ठेवल्या आहेत.

१७ जून : स्केगचं वेल्डिंग

उघाड मिळाली. एसी टिग (टंगस्टनच्या टोकाने कमान पेटवून, भोवती गॅस धरून करायचं वेल्डिंग), शुद्ध आर्गॉन, २.४ मिमी टंगस्टन, २.४ मिमी ४०४३ रॉड, गॅस मिनिटाला १० लिटर. सुरू करण्यापूर्वी काही मिनिटं नुसता गॅस सोडून पाइप कोरडा केला, कारण रबरी पाइपही ओल धरतो.

साफसफाई: अ‍ॅसिटोन, मग फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी ठेवलेला स्टेनलेसचा ब्रश. क्रम उलटा नको, ब्रशने ग्रीस धातूत चोळलं जातं. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर तर इथे आणायचाच नाही; कमानीच्या उष्णतेने आणि किरणांनी त्याच्या वाफेचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरची ऑक्साइडची साय दोन हजार अंशांच्या वर. साय काढली नाही तर आतला धातू पातळ होतो आणि वरची पापुद्र्यासारखी कातडी तशीच, रॉडचा थेंब मिसळतच नाही. एसीचा अर्धा फेर साय फोडतो, पण बाकीचं ब्रशनेच करावं लागतं.

अर्थचा चिमटा थेट स्केगवर, जोडाच्या शेजारी. प्रॉपेलर शाफ्टवर लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर ठिणग्यांचे खड्डे पडतात. त्याची घरघर नंतर पाण्यात ऐकू येते आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

ऑइल पूर्ण काढलेलं, दोन्ही स्क्रू उघडे, म्हणजे आत हवा कोंडणार नाही. शाफ्टच्या घराभोवती ओल्या चिंध्या. सील तसंही बदलायचं होतं. चिंध्या आतल्या ओ-रिंग आणि बेअरिंगसाठी.

स्केग आणि तुकडा १०० ते ११० अंशांपर्यंत तापवले. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर इन्फ्रारेड बंदूक खूप कमी आकडा दाखवते. मार्करने काळा ठिपका काढून त्याच्यावर धरली की बरोबर येतो.

सरळपणा: युनिट उलटं करून स्टँडवर. कॅव्हिटेशन प्लेटच्या मध्यरेषेवरून गिअरकेसच्या नाकापर्यंत दोरा ताणला. तुकड्याच्या टोकापासून प्लेटच्या डाव्या-उजव्या कडेचं अंतर मोजलं आणि फरक १ मिमीच्या आत आणला. मग चार टाके (तुकडा धरून ठेवणारे छोटे वेल्ड). टाके थंड झाल्यावर पुन्हा मोजलं, कारण टाका आवळताना तुकडा ओढतो.

मग २५-३० मिमीच्या तुकड्यातुकड्यांनी शिवण, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एका बाजूने सलग ओढली तर स्केग त्या बाजूला वाकते. करंट १५० अँपिअरच्या आसपास सुरू, धातू तापत गेला तसा पेडलने कमी. तड्याच्या खोदलेल्या जागेत पहिला थर टाकताना काळा ठिपका उकळून वर आला. तो वेल्डमध्ये बुजवायचा नाही. थांबून घासून काढला, पुन्हा ब्रश, पुन्हा वितळवलं. तळ आरशासारखा दिसला तेव्हाच रॉड लावली. प्रत्येक शिवणीच्या शेवटी करंट हळूहळू उतरवून खड्डा भरायचा, नाहीतर तिथे ताऱ्यासारखी चीर पडते.

पाणी ओतून थंड करायचं नाही. तसंच सोडलं.

१९ जून : घासणं

शिवण दोन्हीकडून समतल, पुढची धार गोल, मागची पातळ. डाव्या-उजव्या बाजूचा उतार सारखा हवा, नाहीतर स्टिअरिंग एका अंगाला ओढतं. पेनिट्रंट पुन्हा मारलं. स्वच्छ.

जोडावर मजबुतीसाठी वर पट्टी ठोकावी असं कुणी ना कुणी सुचवतंच. आमच्या मते मारू नये. पुन्हा खडप लागलं तर स्केगच तुटायला हवी. ती फार भक्कम केली तर तोच धक्का गिअरकेसच्या भिंतीत जातो, आणि भिंतीला तडा गेला की सगळं युनिट गेलं.

२२ जून : पाती सरळ करणं

आधी दुमडलेलं पातं. थंड ठोकलं तर ओतीव धातू चिरतो. बॉस ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि पात्याचा दुमडलेला भाग गॅसच्या मऊ ज्योतीने तापवला. अ‍ॅल्युमिनियम तापताना रंग बदलत नाही, म्हणून खूण दुसरी शोधावी लागते. पाण्याचा थेंब टाकला आणि तो तडतडून विरण्याऐवजी गोळी होऊन पळाला की साधारण २०० अंश. तिथे थांबायचं. लाकडी मोगरीने, खाली शिशाची लादी ठेवून, मुळाकडून टोकाकडे थोडं थोडं. गार वाटलं की पुन्हा तापवायचं, जोर वाढवायचा नाही.

खाचा असलेलं तिसरं पातं आकाराने सर्वात कमी बिघडलेलं. त्याचं माप आधी तपासलं (रीत पुढे आहे), मग त्याच्या मागच्या पृष्ठावरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा काढला. सपाट लोखंडी लादी, मध्ये शाफ्टच्या मापाची खुंटी, तिच्यात पंखा, आणि साचा लादीवर पक्का. पंखा १२० अंश फिरवला की पुढचं पातं त्याच साच्यावर येतं. कुठे उचललंय, कुठे टेकतंय ते कागदाची पट्टी सरकवून कळतं.

२४ जून : टोक भरणं

५३५६ रॉड, करंट स्केगपेक्षा कमी, ९०-१०० अँपिअर, कारण टोक पातळ आहे. टोकाखाली तांब्याची जाड पट्टी चिकटवून धरली. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम तिच्यावर बसतं पण तिला चिकटत नाही, आणि कड खाली ओघळत नाही. आतून बाहेर थरावर थर, १८ ऐवजी २२ मिमीपर्यंत भरून नंतर उतरवलं. बॉस पाण्याच्या घमेल्यात रबरापर्यंत बुडवलेला, वर पातं कोरडं. दर थरानंतर बॉसला हात लावून पाहायचा. हात टिकत नसेल तर थांबायचं. रबर जळलेलं बाहेरून दिसत नाही, पण नंतर जोर दिला की बुश आतल्या आत घसरतो.

२७ जून : पिच

सगळ्या दुरुस्तीत जास्त वेळ द्यायला हवा तो इथे. पंखा चकाकतो, व्यास बरोबर येतो, आणि तरीही इंजिन थरथरतं, त्याचं कारण बहुतेक वेळा तिन्ही पात्यांच्या पिचमधला फरक असतो.

त्रिज्या १४४.५ मिमी. तिच्या ७० टक्क्यांवर, म्हणजे केंद्रापासून १०१ मिमीवर, प्रत्येक पात्यावर कंपासने कंस काढला. लादीवर ३० अंशांच्या दोन रेघा. त्या दोन रेघांवर पात्याची लादीपासून उंची उंचीमापकाने घ्यायची. पूर्ण ३६० अंशांत ३०५ मिमी चढ, तर ३० अंशांत बारावा भाग, २५.४ मिमी. मोजणी मागच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पृष्ठावर. पुढच्या पृष्ठाला फुगवटा असतो, तिथला आकडा फसवा.

तिसरं पातं २५.३. दुमडलेलं २६.६, म्हणजे त्याचा पिच ३१९, अर्धा इंच जास्त. टोक भरलेलं २५.०. दुमडलेल्याला पुन्हा तापवून मागची धार थोडी उतरवली, २५.५ वर आलं. टोकवाल्याची मागची धार किंचित चढवली, २५.३. फरक ०.२ मिमी, म्हणजे पिचमध्ये अडीच मिमीच्या आत. चालेल.

यानंतर ९० टक्के त्रिज्येवरही मोजलं, नुसतं टोक मुरडलेलं असेल तर ७० टक्क्यांवर सापडत नाही. मग तिन्ही टोकं व्यासाला मिळवली आणि खाचा भरून पुढच्या धारेला गोलाई दिली. खाच तशीच ठेवली तर तिच्यामागे पाण्यात दाब घटून वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटताना पात्याचा पृष्ठभाग खरवडून काढतात.

३० जून : बॅलन्स

बॉसमध्ये गच्च बसणारा सरळ गज, दोन समतल पट्ट्यांच्या धारेवर. जड पातं खाली येतं. घासायचं पुढच्या, फुगवट्याच्या पृष्ठावर, रुंद जागेत पसरून; मागच्या पृष्ठाला हात लावला तर पिच गेला. कुठल्याही कोनात ठेवला तरी थांबतो इथवर आणला.

३ जुलै : सील आणि हवेची चाचणी

शाफ्टवर दोन सील एकामागे एक बसतात, दोन्ही नवे. जुन्या सीलच्या ओठाने शाफ्टवर खोबण पाडलीय का ते नखाने पाहिलं, नाही. बसवताना ओठांमध्ये ग्रीस. ड्रेन स्क्रूचे वॉशरही नवे.

ऑइल भरण्याआधी वरच्या भोकातून ०.७ बार हवा. शाफ्ट फिरवत, ढकलत-ओढत पाहिलं, साबणाच्या पाण्याचा बुडबुडा कुठेच नाही. एक बारच्या वर जायचं नाही, चांगली सीलही उलटते. मग ९० नंबरचं हायपॉइड ऑइल खालच्या भोकातून, वरून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते आणि ऑइल कमी बसतं. बंद करताना वरचा स्क्रू आधी.

६ जुलै : रंग

घासलेल्या जागेवर एच प्राइमर, मग इपॉक्सी, मग रंग. लाकडी होड्यांचा शेंदरी रेड लेड प्राइमर आणि तांब्याचा अँटिफाउलिंग रंग अ‍ॅल्युमिनियमला वर्ज्य. दोन्ही त्याला खातात. अ‍ॅनोडवर रंगाचा शिंतोडाही नको (इंजिनाऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेला हा धातूचा ठोकळा), रंगवलेला अ‍ॅनोड काम करत नाही. जुना अर्ध्याहून जास्त झिजला होता, बदलला.

१२ जुलै : कर्लीच्या खाडीत

समुद्र खवळलेला, म्हणून देवबागच्या आत खाडीतच. शाफ्टच्या स्प्लाइनला (लांबट दात्यांना) वॉटरप्रूफ ग्रीस, थ्रस्ट वॉशर सुलटा, नट ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट थोडा पुढे आवळायचा, मागे घ्यायचा नाही. बॉसच्या तोंडावर आतल्या नळीपासून रबरावरून बाहेरच्या कडेपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली.

फुल थ्रॉटलला ५२५० आरपीएम. इंजिनाची हद्द ४५०० ते ५५००, म्हणजे पंखा लहानही पडत नाही, जडही नाही. ५००० वर भरतीबरोबर २०.६ नॉट, उलट १८.४, सरासरी १९.५. दोन्ही दिशांना मोजल्याशिवाय खाडीतला आकडा धरू नये. गिअरचे दात १३ आणि २४, म्हणजे पंख्याचे २७०८ फेरे. १२ इंच पिचने घसरण न धरता २६.७ नॉट व्हायला हवेत. घसरण २७ टक्के, अशा फायबर होडीला ठीक.

थरथर नाही. एकदम थ्रॉटल दिला तरी आरपीएम वेगाच्या पुढे उसळत नाही, आणि किनाऱ्याला आल्यावर पांढरी रेघ अखंड. बुश घसरत असता तर ती रबरावर तुटली असती. सरळ जाताना होडी किंचित उजवीकडे ओढत होती, अ‍ॅनोडचा ट्रिम टॅब (पंख्याच्या वर मागे असलेलं छोटं पातं) मागच्या कडेने त्याच बाजूला थोडा वळवला, ओढ गेली.

१० तास चालल्यावर गिअर ऑइलचा तळ पुन्हा काढून पाहायचा. हंगामात पंखा दर पंधरवड्याला उतरवून तंगूस काढायचा. होडीवर पेटीत नवा पंखा, थ्रस्ट वॉशर, नट, चार स्प्लिट पिना, पक्कड, पान्हा आणि लाकडी ठोकळा.